काळा गुलखैरा गोव्यात फुलतो का? ‘निग्रा’च्या बियाण्याचं परीक्षण

‘निग्रा’ जातीच्या गुलखैऱ्याचं, म्हणजे काळ्या होलीहॉकचं बी गोव्यात पेरायचं असेल तर पाकिटाच्या मागे छापलेलं पेरणीचं वेळापत्रक आधी बाजूला ठेवावं. त्यावर बहुधा ‘एप्रिल ते जुलै पेरा, पुढच्या उन्हाळ्यात फुलं’ असं लिहिलेलं असतं. इंग्लंडातल्या खेड्यांत घराच्या भिंतीला लागून गुलखैऱ्याच्या रांगा दिसतात, त्यांच्यासाठी हे बरोबर आहे. तिथे उन्हाळ्यात पेरलेलं रोप हिवाळाभर जमिनीलगत पानांचा घेर करून बसतं आणि पुढच्या जून-जुलैत सहा ते आठ फुटांची दांडी वर काढतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पेरलेलं बी उन्हात करपतं आणि जूनमध्ये पेरलेलं पावसात कुजतं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या प्रदेशात हे वेळापत्रक पाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि दोष बियाण्याच्या माथी येतो.

बी स्वतः चांगलं असतं. ताजं असेल तर उगवणीला अडचण येत नाही, रोपं जोमदार होतात, एकेरी फुलाचा रंगही खरोखर गडद उतरतो. गोव्यासाठी उणीव एकच आहे आणि ती मोठी आहे: ‘निग्रा’ मुळात द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी पानं, मग थंडी, मग फुलोरा, असा त्याचा क्रम. दिवस लांबू लागले की दांडी निघायला जोर येतो, पण त्याआधी थंडी लागते. जानेवारीत पणजीची रात्र सरासरी २० अंशांच्या आसपास असते, म्हणजे या झाडाला हवी तशी थंडी किनाऱ्यावर पडतच नाही. म्हणून एकाच पाकिटातली काही रोपं फेब्रुवारीअखेर दांडी काढतात आणि काही एप्रिल संपला तरी पानांच्याच घेरात राहतात. सत्तरीत, वाळपईच्या आतल्या भागात, सांग्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीत रात्री जास्त गार होतात, तिथे यश जास्त. कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात सगळ्यांत कमी.

भिजवलेलं बी फ्रिजमध्ये ठेवलं की थंडीची गरज भागते, असा सल्ला बरेच विक्रेते देतात. त्यावर विसंबू नये. गुलखैऱ्यात थंडीचा परिणाम घ्यायला बऱ्यापैकी वाढलेलं रोप लागतं. बियाला दिलेल्या गारव्याने फुलोऱ्याची हमी मिळत नाही.

आता रंगाविषयी, कारण पाकीट विकलं जातं ते रंगावर. ऑनलाइन चित्रांत पाकळ्या डांबरासारख्या किंवा निळसर काळ्या दिसतात. तशी पाकळी निसर्गात नाही. ‘निग्रा’चं फूल अतिशय गडद लालसर जांभळं असतं, पिकलेल्या कोकमाच्या सालीहून कितीतरी काळपट. सावलीत किंवा ढगाळ हवेत ते काळंच वाटतं. सकाळचं कोवळं ऊन पाठीमागून आलं की तीच पाकळी मद्यासारखी लाल पेटते, शिरा स्पष्ट दिसतात, आणि देठाकडचा पिवळसर हिरवा तारा उजळतो. मधल्या खांबावरचे फिकट परागकण या काळोख्या पार्श्वभूमीवर पिठासारखे दिसतात, आणि फुलात शिरलेली मधमाशी पाठीवर ते पीठ घेऊन बाहेर येते. या एका दृश्यासाठी बाकीची खटपट करावी इतकं ते सुंदर आहे.

हा गडदपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. उष्णता वाढली की फुलझाडांत ते कमी साठतं. त्यामुळे फेब्रुवारीतलं फूल आणि एप्रिलमधलं फूल एकाच दांडीवरचं असूनही वेगळं दिसतं. वरची, उशिराची फुलं मरून रंगाकडे झुकतात. बियाणं भेसळीचं होतं असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. भेसळ असेल तर ती पहिल्या फुलातच कळते: गुलाबी किंवा फिकट लाल फूल आलं तर ते बी ‘निग्रा’चं नव्हतं.

गडद रंगाची दुसरी पाकिटंही बाजारात दिसतात. ‘ब्लॅकनाइट’ रंगाला ‘निग्रा’इतकंच गडद, एकेरी, झाड दणकट, पण तेही पहिल्या वर्षी फुलण्याबाबत भरवशाचं नाही. ‘चेटर्स डबल’मधला गडद मरून भरगच्च आणि देखणा असतो, मात्र दुहेरी फुलात दव साचतं आणि फूल आतून सडतं, शिवाय मधमाशीला आत शिरायला जागा उरत नाही. ‘क्वीनी पर्पल’ दोन-अडीच फुटांचं बुटकं झाड, पहिल्याच हंगामात नक्की फुलणारं, २००४ साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळालेलं. कुंडीसाठी ते उत्तम, पण जांभळं आहे, काळं नाही, आणि उंच दांडीची शान त्याला नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारं ‘होलीहॉक मिक्स’ हे पहिल्या वर्षी फुलणारं बी; वीस रोपांत एखादं-दुसरं गडद मरून निघालं तर निघालं.

ज्यांना एकाच हंगामात हमखास फूल हवं आहे त्यांनी मिक्स किंवा ‘क्वीनी’ घ्यावं. ज्यांना काळाच हवा आहे त्यांनी ‘निग्रा’ घ्यावं, पण पाच-सहा बियांवर आशा ठेवू नये. निदान वीस रोपं करावीत. एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बिया येतात, तेव्हा पाकिटाची किंमत जोखताना बियांची संख्या बघावी. पॅकिंगची तारीख नसलेलं पाकीट घेऊ नये. आपल्या दमट हवेत दुकानाच्या फळीवर एक पावसाळा काढलेलं बी अर्धमेलं झालेलं असतं.

गोव्याचं वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे: चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) पेरणी, दिवाळीच्या सुमारास लावणी, शिमग्याला फूल. चवथ ऑगस्टमध्येच आली तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबावं. नोव्हेंबरात पेरलं तर रोप लहान असतानाच थंडी निघून जाते आणि फुलोरा एप्रिल-मेच्या उकाड्यात सापडतो.

बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावं, आठ-दहा तास पुरे. बी चपटं, चकतीसारखं, कडेला कागदी झालर असलेलं असतं. झालर सोलायची गरज नाही. गुलखैऱ्याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि त्याला धक्का सहन होत नाही, म्हणून उथळ ट्रेमध्ये पेरणं ही पहिली मोठी चूक. किमान पंधरा सेंटीमीटर खोल पिशव्या घ्याव्यात. धुतलेलं कोकोपीट, गांडूळखत आणि रेती समप्रमाणात. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षाराने कोवळी मुळं करपतात. एका पिशवीत दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. सात ते चौदा दिवसांत उगवतात. जोमदार ठेवून दुसरं रोप कात्रीने कापावं, उपटू नये.

सप्टेंबरात पाऊस चालूच असतो, म्हणून पिशव्या छपराखाली हव्यात. घराला बाल्कांव, म्हणजे दारापुढची छपराची ओसरी, असेल तर त्याची उजेडाची कड योग्य. आत अंधारात ठेवल्यास रोपं लांबुडकी होऊन लोळतात. पाणी वरून शिंपडण्याऐवजी पिशव्या ताटलीत ठेवून खालून शोषू द्यावं, नाही तर रोपाचा देठ मातीलगत बारीक होऊन काळा पडतो आणि रोप आडवं होतं. असं पडलेलं रोप वाचत नाही. पिशवी मातीसकट दूर टाकावी.

खरी मेहनत मातीवर करावी लागते. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, आणि गुलखैऱ्याला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माती मानवते. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात माती तपासणीची चौकशी करावी. सामू (पीएच) ६ च्या खाली असेल तर चौरस मीटरला १०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळावा, आणि तो शेणखताच्या पंधरा दिवस आधी. चुना आणि शेणखत एकत्र घातलं की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. खड्डा दीड फूट खोल, दीड फूट रुंद, पिकासने तळ फोडून घ्यावा. फूटभरावर सलग जांभा लागला तर खाली जाण्याचा हट्ट सोडून चिऱ्यांची एक ओळ लावून वाफा उंच करावा. प्रत्येक खड्ड्यात तीन-चार किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेल्या शेणाने वाळवी आणि हुमणी येते, आणि सोटमूळ कुरतडलं गेलं की झाड दुपारी मान टाकतं, ते संध्याकाळीही सावरत नाही.

किनाऱ्यालगतच्या वाळूत खत दुप्पट लागतं, पण चुना तपासणीशिवाय घालू नये. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आधीच असतो. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीच्या खारेपणात हे झाड लावू नये. माडाच्या बुंध्याशीही नको, सावलीमुळे आणि माडाच्या मुळांच्या जाळ्यामुळेही.

जागा निवडताना बहुतेक जण एक चूक करतात: काळा गुलखैरा उघड्या चिऱ्याच्या भिंतीपुढे किंवा गडग्याला लागून लावतात. तांबड्या चिऱ्यापुढे गडद फूल दहा पावलांवरून दिसत नाही. मागे पांढरी किंवा फिकट पिवळी भिंत हवी. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत चांगली: सकाळपासून ऊन मिळतं, दुपारचा जाळ टळतो, आणि फेब्रुवारी ते एप्रिल दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या जोराच्या वाऱ्याला घराचाच आडोसा होतो. भिंतीपासून दीड फूट अंतर ठेवावं, दोन झाडांत दीड ते दोन फूट. खेटून लावल्यास हवा खेळत नाही आणि खालची पानं रोगाला बळी पडतात. पायथ्याशी अबोलीच्या कुंड्या ठेवाव्यात. गुलखैऱ्याची खालची पानं मार्चपर्यंत विटतातच, ती झाकली जातात, आणि अबोलीचा केशरी रंग त्या काळ्या फुलांखाली फार खुलतो.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, चार खरी पानं आली की लावणी. संध्याकाळी पिशवी बाजूने कापून मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात बसवावा. काठी याच वेळी रोवावी, झाडापासून वीतभर दूर. नंतर रोवलेली काठी सोटमुळात घुसते. सहा-सात फुटांचा बांबू, त्यातला दीड फूट जमिनीत. दांडी दोन फुटांची झाली की काथ्याच्या दोरीने इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास, आणि पुढे प्रत्येक फुटावर एक. नायलॉनची दोरी दांडीत रुतते. गोव्यात दांडी पाच फुटांवर पोचली तरी झाड उत्तम झालं असं समजावं. कुंडीत लावायचं तर निदान १४ इंची खोल कुंडी, आणि तीन-साडेतीन फुटांची अपेक्षा.

पाणी बुंध्याशी, सकाळी. जमिनीत दोन-तीन दिवसांआड खोल पाणी. रोज तांब्याभर शिंपडल्याने मुळं वरच्या वर राहतात आणि मार्चच्या उन्हात झाड तग धरत नाही. नारळाची सोडणं पालथी मांडून आच्छादन करावं, मात्र बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडावीत. युरिया देऊ नये. पानं परडीएवढी होतात, दांडी पोकळ-लुसलुशीत राहते आणि वाऱ्यात मोडते. दांडी निघताना दर झाडाला मूठभर चुलीची राख मातीत मिसळली की पालाश मिळतं आणि मातीचं आम्लही थोडं कमी होतं.

रोगांत तांबेरा सगळ्यांत प्रसिद्ध. पानाच्या वर पिवळे ठिपके, पान उलटवलं की नारिंगी-तपकिरी फोड. त्याला थंड, ओलसर हवा लागते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या दवात तो दिसला तर दिसतो. उकाडा वाढला की जोर ओसरतो. खालची ठिपक्यांची पानं देठासकट काढून जाळावीत, खतात टाकू नयेत. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारलं तर आळा बसतो, पण भर उन्हात नाही, आणि निंबोळी तेल फवारल्यापासून दोन आठवडे नाही. दोन्ही लागोपाठ पडलं की पानं भाजतात.

तांबेऱ्यापेक्षा आपल्याकडे जास्त त्रास किडींचा आहे, आणि त्याचं कारण कूळ. गुलखैरा हा भेंडी, जास्वंद, कापूस, अंबाडी यांचा सख्खा नातलग. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, भेंडीवरची पांढरी माशी, पानं गुंडाळून आत बसणारी अळी, बोंडांवर झुंडीने बसणारा तांबडा ढेकूण, हे सगळे गुलखैऱ्यावर येतात. पांढरी माशी भेंडीवरच्या केवडा रोगासारखे विषाणू घेऊन येते, आणि शिरा पिवळ्या पडून पानं आक्रसली की त्या झाडाला औषध नाही, उपटावंच लागतं. म्हणून परसात भेंडी असेल तर गुलखैरा दुसऱ्या टोकाला लावावा. पिठ्या दिसला की आधी मुंग्यांची वाट तोडावी, मुंग्याच त्याला वर नेतात. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली द्रवरूप साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. तांबडे ढेकूण फवाऱ्याला फारसे बधत नाहीत. सकाळी गारव्यात सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकून घ्यावेत. मार्चमध्ये पानं फिकट होऊन खालून बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

तयार रोपं नर्सरीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली तर पिशवीचा तळ आधी बघावा. मूळ तळातून बाहेर येऊन गोल वळलं असेल तर रोप घेऊ नये. दांडी निघालेलं, कळ्या धरलेलं रोप दिसायला मोहक असतं, पण लावणीनंतर त्याची निम्मी कळी गळते. चार-सहा पानांचं, बसकं, रुंद घेराचं रोप निवडावं. रंगाची खात्री मात्र फूल पाहिल्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

फुलं खालून वर उमलत जातात, एकेक फूल दोन-तीन दिवस टिकतं आणि मग पाकळ्या गुंडाळून चिरूटासारखं गळून पडतं. ही गळलेली फुलं रोज उचलावीत. ओलसर फूल चुना फासलेल्या पायरीवर किंवा जोत्यावर पडून राहिलं तर डाग पडतो, आणि चुन्याच्या अल्कामुळे तो जांभळा न राहता निळा-हिरवा होतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही.

ज्या रोपांनी मार्चअखेरपर्यंत दांडी काढली नाही, ती पावसाळाभर सांभाळून पुढच्या वर्षी फुलवण्याचा प्रयत्न होतो. जमिनीत तो बहुधा फसतो. जुलैपर्यंत सोटमूळ कुजलेलं असतं. कुंडीत, छपराखाली, जेमतेम पाणी देऊन एखादं टिकतं. त्यापेक्षा जी फुलली त्यांच्याकडे लक्ष द्यावं. थंडी नसतानाही पहिल्या हंगामात फुललेलं ‘निग्रा’चं झाड हाच या पाकिटातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि त्याचं बी पाकिटातल्या बियापेक्षा आपल्या हवेला अधिक जुळणारं निघण्याची शक्यता असते. सात शिरांचा भेंडो गोव्यातल्या शेतकऱ्यांनी असाच, चांगल्या झाडाचं बी राखून, पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. गुलखैरा त्याच्याच कुळातला आहे.

बी धरायचं तर सगळ्यांत आधी फुललेलं आणि सगळ्यांत गडद झाड निवडून दांडीला लाल धागा बांधावा. परसात दुसऱ्या रंगाचा गुलखैरा असेल तर मधमाश्या संकर करतात, म्हणून निवडलेल्या दांडीवरच्या पाच-सहा कळ्यांना उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधावी आणि फूल उमलल्यावर मऊ कुंचल्याने त्याच झाडाच्या नव्या फुलाचे पराग जुन्या फुलाच्या कुक्षीवर लावावेत. एकाच फुलातले पराग आधी पिकतात आणि कुक्षी नंतर, त्यामुळे फुलं दोन लागतात. एप्रिल-मेमध्ये बोंड तपकिरी होऊन वरचं आवरण उघडलं की आत बियांची गोल चकती दिसते, चवड रचल्यासारखी. ती बोटाने सुटी होते. आठवडाभर सावलीत सुकवून, पांढरी पडलेली आणि किडीचं भोक असलेली बी वेचून टाकावी. काचेच्या बरणीत तळाशी कोरडे भाजलेले तांदूळ दोन बोटं, त्यावर कागदाच्या पुडीत बी, झाकण घट्ट, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पुडीवर वर्ष आणि पहिलं फूल उमललं ती तारीख लिहावी. पुढच्या चवथीनंतर कोणती पुडी आधी उघडायची ते त्या तारखेवरून ठरतं.